फ्यूज बांधायला तुला शिकवलंच नव्हतं

दादा,

संध्याकाळी घरी फोन करायचाय. बाबा मोबाईल हातात धरून ओट्यावर बसलेले असतील, आई दाराच्या आत उभी असेल आणि धाकटी वैशू मागे कुठेतरी, आपलं लक्ष नाही असं दाखवत. मला फक्त हो म्हणायचंय किंवा नाही म्हणायचंय. उद्या फॉर्मची शेवटची तारीख. सकाळपासून खोलीच्या आत-बाहेर करतोय. शेवटी कागद मागून घेतला आणि तुला लिहायला बसलो. दुसऱ्या कुणाशी बोलू मी हे?

वैशूला बी.एस्सी.ला जायचंय, दादा. फिजिक्स घेऊन.

आता कळलं ना, मी का आत-बाहेर करतोय ते?

माझ्या खोलीत युनूस म्हणून एक बिहारकडचा आहे. कागद त्याचाच. मघाशी विचारत होता, "किसको लिख रहा है?" म्हटलं, "बडे भाई को." "अरे तो फोन कर ना, आज तो छुट्टी है." म्हटलं, "उसको फोन नहीं लगता." तो हसला. त्याला वाटलं, तुझ्या गावाला रेंज नसेल.

मी मस्कतला आहे. एका मोठ्या गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. तू असतास तर म्हणाला असतास, बघू इथे तरी किती दिवस टिकतो. खरंच आहे. आठवीत शाळा सोडली कारण बाकावर बसवत नव्हतं. नारपोलीला कापडाच्या लूमवर राहिलो, आवाजानं कान बसले म्हणून सोडलं. राहनाळच्या गोडाऊनला हमाली केली. तू गेल्यावर तर गावातच बसवेना. घरात शिरलो की तुझी खुंटी दिसायची. म्हणून इतका लांब आलो. तरी काय, भीती पण माझ्याबरोबर विमानात बसून आली.

इथे सगळे मला हसतात. मी बटण कधी बोटानं दाबत नाही, कोपरानं दाबतो. न्हाणीत पण रबरी चप्पल काढत नाही. फोर्कलिफ्टची बॅटरी चार्जिंगला लावायची वेळ आली की युनूसला हाक मारतो, "भाई, तू लगा दे." तो म्हणतो, "इतनी बडी गाडी चलाता है और पिन से डरता है?" काय सांगू त्याला? आईचं तर विचारूच नकोस. ती अजून लाटण्यानं बटण दाबते. स्वयंपाकघरातलं एक आणि पडवीतलं एक, अशी दोन लाटणी ठेवलीत तिनं. पडवीतल्यानं कधी पोळी लाटली नाही.

तुझे कपडे आईनं खाडीत सोडले, आपल्यात सोडतात तसे. पुस्तकं सोडायला मात्र बाबांनी दिली नाहीत. म्हणाले, विद्या पाण्यात घालत न्हायत. गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवली. घरात कुणी माळ्याकडे वर बघायचं नाही, असं न ठरवता ठरलं होतं. आणि ही वैशू अकरावीत गेली आणि एके दिवशी शिडी लावून वर चढली. तू समासात पेन्सिलीनं लिहिलेलं वाचत बसायची म्हणे. आईनं बघितलं आणि ओट्यावर जाऊन बसली, जेवली नाही.

बारावीचा निकाल लागला. फिजिक्सला तिला चांगले मार्क पडलेत, तुझ्यापेक्षा जास्त. चिडू नकोस.

आई म्हणते, "डी.एड. कर. दोन वर्सांत मास्तरीण होशील. खडू हातात धर. खडूला करंट न्हाय."

आणि बाबा? मला वाटलं होतं, बाबा काय ते सांगून मोकळे होतील. त्यांनी वैशूला मलाच फोन लावायला सांगितलं. म्हणाले, "सुन्या, एकदा मी हो बोललो होतो. आता परत माझ्या तोंडातून निघणार न्हाय. न्हाय बोलायला बी जीभ उचलत न्हाय. त्याच्या मागं आता तूच मोठा. तू सांग."

मी मोठा! सातवी पास माणूस सांगणार की फिजिक्स शिकायचं की नाही. भौतिकशास्त्र हा शब्द मला अजून एका दमात लिहिता येत नाही, आताही दोनदा खोडला.

बाबा हो म्हणाले होते तो दिवस तुला आठवतो का? ते ओट्यावर जाळं सांधत होते आणि तू कॉलेजचा फॉर्म घेऊन पायरीवर. तू म्हणालास, "बाबा, खाडीला भरती येते ती चंद्र ओढतो म्हणून."

बाबांनी वर पण बघितलं नाही. "चंद्र ओढतो ता मना बी म्हायती हाय. तुझ्या आज्याला बी म्हायती होता. किती ओढतो ता सांग."

तू म्हणालास, "ते नाही माहीत."

"मंग?"

"तेच शिकायला जायचंय."

बाबा हसले. मिशीतल्या मिशीत. "जा मंग. शिकून ये नि मना सांग." झाला तुझा प्रवेश. मी शेजारी उभा राहून चिंबोरीचे पाय बांधत होतो आणि मला वाटत होतं, एवढं सोपं असतं शिकायला जाणं?

त्या दिवशी तुला म्हणता आलं होतं रे, 'नाही माहीत' असं. बाबांसमोर आलं होतं. मग नंतर का नाही आलं?

नंतर सगळा घोळ त्या एका शब्दाचा झाला. फिजिक्स म्हणजे काय, गावात कुणाला माहीत होतं? इंजिनीअर माहीत, डॉक्टर माहीत, वकील माहीत. तू पास होऊन काय होणार, असं जो तो विचारायचा. तू कधी म्हणायचास प्रोफेसर, कधी म्हणायचास संशोधन, कधी म्हणायचास अजून ठरलं नाही. एकदा कुणीतरी तुझं पुस्तक चाळलं, आत वायरींची आकृती दिसली, बल्ब दिसला. झालं. फिजिक्स म्हणजे लाईटचं शिक्षण. आई पण सांगायला लागली, आमचा मोठा लाईटच्या हापिसात लागणार.

मग काय, "ए फिजिक्स, आमचा पंखा फिरंना." "फिजिक्स, टीवीला मुंग्या येतात रं." शेजारची म्हातारी तर इस्त्रीच घेऊन आली होती आणि तू तिला चहा देऊन इस्त्री खोलून बसलास. तुला ती जोडता येईना. दोन स्क्रू उरले तेव्हा म्हातारी म्हणाली, "असू दे, जास्तीचे होते." आपण किती हसलो होतो.

मी तुला विचारलं होतं. पुलाकडून घरी येत होतो आपण. म्हटलं, "हे सगळं शिकवतात का रे कॉलेजात?"

तू म्हणालास, "छे. वीज म्हणजे काय ते शिकवतात. फ्यूज कसा बांधायचा ते नाही शिकवत. ते शिकायला आयटीआय असतं."

"मग सांग ना लोकांना."

"कसं सांगू? म्हणतील, एवढं शिकतोय आणि साधा फ्यूज येत नाही. बाबांना हसतील."

बाबांना हसतील! दादा, या एका वाक्यावर माझा अजून राग आहे. हसले असते तर हसले असते. कुणी हसल्यानं माणूस मरत नाही.

आपल्या आळीतल्या हरीकाकांच्या थोरल्या मुलाची हळद होती. तुझ्यासमोर काय सांगायचं, पण तिथे तू होतास, मी नव्हतो, म्हणून मी ती कितीतरी वेळा मनात बघितलीय. मी राहनाळला ड्युटीवर. दुपारची वेळ, मांडवात धूळ बसावी म्हणून पाणी मारलेलं. संध्याकाळसाठी लावून बघितलेल्या हॅलोजनच्या लोखंडी स्टँडला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणून पोरं ओरडत होती. वायरमन दुसऱ्या लग्नात गुंतलेला. कुणीतरी म्हणालं, आपला फिजिक्स कुठाय? तू जेवणाच्या पंक्तीत वाढत होतास. भाताचं भांडं खाली ठेवलंस आणि म्हणालास, "बघतो."

आणि मांडवात देव बसवलेले. म्हणून चपला बाहेर काढून गेलास.

तेवढ्यावरच मी अडकतो. प्रत्येक वेळी. ओली जमीन, लोखंड आणि तुझे उघडे पाय. तुला कळत नव्हतं का? तूच तर शिकत होतास ना, वीज कुठून कुठे जाते ते? की कळत होतं आणि तरी एवढ्या लोकांसमोर देवाच्या मांडवात चपला घालायची लाज वाटली? मी आलो तेव्हा तुला टेम्पोत ठेवलं होतं. तुझ्या चपला मांडवाच्या दाराशी तशाच होत्या, एकमेकींना लावून, नीट.

ते लग्न नंतर देवळात झालं, वाजंत्रीशिवाय. हरीकाका त्यानंतर आपल्या ओट्यासमोरून जात नाहीत, मागच्या वाटेनं जातात. त्यांना कुणी बोल लावलेला नाही. पण आईला अजून वाटतं की तुला त्या शिक्षणानं नेलं. आणि खरं सांगू? दिवसा मी म्हणतो, आई येडी आहे. पण फोन वाजला आणि घरचा नंबर दिसला की मलाही तसंच वाटतं.

म्हणून मी आधी वैशूला नाहीच म्हणणार होतो. सरळ नाही. तिला पटवायला पण लागलो होतो. म्हटलं, "फिजिक्स घेऊन होतं काय? नोकरी लागते का?"

ती म्हणाली, "भाऊ, मी विचारून आलेय." एकटी गेली होती कॉलेजात, तिथल्या एका सरांना जाऊन भेटली. सरांनी तिला सांगितलं, बी.एस्सी. तीन वर्षं. तेवढ्यावर फारसं काही हाताला लागत नाही. मग एम.एस्सी., नाहीतर बी.एड. करून शाळेत. एम.एस्सी.नंतर कॉलेजात शिकवता येतं. कुणी मोजमापाची यंत्रं तपासायच्या कामाला कंपनीत लागतं, कुणी हवामानाकडे जातं, कुणी संशोधनात, पण तिथे वर्षं जातात आणि घर थांबायला तयार पाहिजे. ती म्हणाली, "दरवाजे खूप आहेत भाऊ, पण सगळे लांब आहेत."

"आणि शेवटी नोकरी?"

"मी पण तेच विचारलं. सर म्हणाले, ते मला माहीत नाही, मी खोटं सांगणार नाही. मला तेच आवडलं."

मला नाही आवडलं. मला माणूस असा पाहिजे होता की जो म्हणेल, होईल, सगळं नीट होईल.

आणि मग तिनं मला ते हॉस्पिटलचं सांगितलं. आपल्या मामीला कॅन्सर झाला, दादा. आता बरी आहे. तिला मुंबईला शेक द्यायला न्यायचे, रेडिएशनचा, तेव्हा सोबतीला वैशू जायची. तिथे तिला एक बाई दिसल्या. पांढरा कोट घातलेल्या, पण पेशंटला तपासत नव्हत्या, नुसत्या कॉम्प्युटरवर आकडे बघत होत्या आणि परत परत मशिनजवळ जाऊन मोजत होत्या. वैशूनं आपलं जाऊन विचारलं, "मॅडम, तुम्ही डॉक्टर ना?" त्या म्हणाल्या, "नाही गं, मी फिजिक्स शिकलेय. किती किरण द्यायचे आणि कुठून द्यायचे, ते मी काढते."

वैशूला आता तसं व्हायचंय. एम.एस्सी. करून पुढे आणखी एक कोर्स करावा लागतो म्हणे.

किरण! एक विजेनं गेला, आता ही किरणांत चालली? म्हटलं, "वैशू, दुसरं काही नाही का जगात?" ती चिडली. म्हणाली, "भाऊ, त्या बाईंच्या छातीला एक पट्टी असते. त्यांना किती किरण लागले ते त्यात कळतं. दर थोड्या दिवसांनी तपासतात. आणि आकडा जुळला नाही तर त्या मशिन चालूच करत नाहीत. पेशंट बाहेर रांगेत असले तरी. एकदा मामीला घरी पाठवलं होतं तसं. सगळे ओरडत होते त्यांच्यावर."

हे तिनं बाबांना पण सांगितलं. बाबांनी एवढंच विचारलं, "किती, ता काढते ती बाय?" आणि उठून खाडीवर गेले. ओहोटी होती, जाळं टाकायची वेळ नव्हती, तरी गेले.

इतकं सगळं ऐकूनही मी नाहीवरच होतो, दादा. मग कालचा फोन झाला.

वैशूशीच बोलत होतो. ती फॉर्मचं सांगत होती. तेवढ्यात तिच्या मागे बांगड्यांचा आवाज आला. हरीकाकांच्या धाकट्याची बायको. नवीन आलीय, तिकडची वाडा तालुक्याकडची आहे, तिला बिचारीला मागचं काय माहीत? ती म्हणाली, "वैशू, आमचा मोटरचा स्टार्टर पकडत नाय. जरा येऊन बघ ना. तू फिजिक्सवाली हायस ना?"

मी फोर्कलिफ्टवर बसलो होतो. माझे पाय आपोआप वर उचलले गेले, जमिनीपासून. मी ओरडलो, वैशू, वैशू! पण तिनं फोन कानापासून लांब धरला असणार. मला तिकडचं सगळं ऐकू येत होतं, माझं तिकडे काही जात नव्हतं. मला तुझा आवाज ऐकू आला, दादा. 'बघतो' म्हणालेला. मी तो कधी ऐकलेला नाही, तरी ऐकू आला.

वैशू म्हणाली, "वहिनी, मला नाही येत."

"असं काय करतंस? एवढी शिकलीस ना?"

"हो, शिकले. तरी नाही येत. वायरमनला बोलवा. आणि तोवर कुणाला हात लावू देऊ नका, मेन बंद करा. घरात कोणी लहान नाही ना तिकडे?"

"आमचे हे हसतील मला. बोलतील, फिजिक्सवालीला येत नाय."

"हसू दे."

इतकंच. 'हसू दे.' कुठल्याही रडगाण्याशिवाय, जसं कुणी म्हणतं, पाऊस येतोय तर येऊ दे. मग लांबून एक पुरुषाचा आवाज आला, धावत आल्यासारखा. हरीकाका. मी पाच वर्षांत त्यांचा आवाज ऐकला नव्हता. "कुणी बोलावला तिला? कुणी बोलावला? सूनबाई, ये मागं. पोरी, तू जाऊ नको तिथं. मी बोलावतो वायरमन. मीच बोलावतो, हां?" आणि वैशू म्हणाली, "हो काका. मी कुठे चालले?"

माझं कार्ड संपलं. नंतर बराच वेळ मी तसाच बसून होतो, पाय वर घेऊन. सुपरवायझर येऊन ओरडला तेव्हा खाली ठेवले.

रात्रभर तेच डोक्यात. तू शिकलास ते ती माळ्यावरून काढून शिकली. पण जे तुला आलं नाही, ते तिला कुठून आलं? त्या सरांकडून? त्या मशिन बंद ठेवणाऱ्या बाईंकडून? की तुझ्याकडूनच, तुझ्या त्या दाराशी लावून ठेवलेल्या चपलांकडून? ती तेव्हा सातवीत होती. तिनं पण बघितल्या असतील ना त्या.

मी संध्याकाळी हो म्हणणार आहे.

भीती गेली म्हणून नाही. अजिबात गेलेली नाही. आता तर पाच-सहा वर्षांची नवीन भीती घरात आणतोय मी. ती कॉलेजात गेली की मला फोनची धास्ती, लॅबमध्ये असली की धास्ती, पुढे कधी ती किरणांच्या खोलीत उभी राहिली तर मी इथे जेवेन की नाही देव जाणे. आणि हे पण भय आहे की इतकी वर्षं घालवून शेवटी काहीच हाताला लागलं नाही तर? लोक बाबांना म्हणतील, एक गेला आणि एक फुकट गेली. हो म्हणताना माझा आवाज कापला तर कापू दे. बाबांना वाटेल, लाईन खराब आहे.

फक्त तू तिच्या आसपास रहा. तुला जमत असेल तर. तुझ्या पुस्तकात ती असतेच, तिथेच रहा.

आणि तुला शब्द देतो. ती 'येत नाही' म्हणेल तेव्हा आपल्या घरात कुणी 'एवढं शिकून?' असं म्हणणार नाही, मी म्हणू देणार नाही. इथून तिला जाड रबरी तळाचे बूट पाठवतोय, तिच्या मापाचे, परवाच बघून ठेवलेत. ते ती लॅबमध्ये घालेल, घरात घालेल, कुणाच्या मांडवात गेली तर तिथेही घालेल. देव बसवलेले असले तरी. देवाला राग आला तर त्यानं मला फोन करावा.

ऊन उतरलं. निघतो फोन करायला.

तुझा,
सुन्या